बहात्तरचा पंधरा ऑगस्ट लिहून ठेवा

स्वातंत्र्याच्या शताब्दीची भाषा सरकारी कागदांत केव्हाच सुरू झाली आहे. २०४७ पर्यंत उत्पन्न कुठे न्यायचे, वीज किती लागेल, महामार्ग कुठून जातील याचे आराखडे निघत आहेत. त्या वर्षी गावोगाव कमानी उभ्या राहतील, प्रभातफेऱ्या निघतील आणि भाषणांतून आधीच्या टप्प्यांची उजळणी होईल. पण हे आधीचे टप्पे सामान्य माणसांनी आपापल्या गावात कसे साजरे केले, हे सांगणारे तेव्हा हाताशी काय असेल? हिशेब करून पाहावा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीला आले आहे. १९७२ च्या रौप्यमहोत्सवात दहा वर्षांचे असलेले मूल आज साठी ओलांडून बसले आहे. स्मरण शाबूत आहे आणि सांगायला सवडही आहे. शताब्दीच्या दिवशी तेच मूल पंचाऐंशी वर्षांचे असेल. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावसारख्या तालुक्याने शताब्दीची तयारी रौप्यमहोत्सवाच्या आठवणी नोंदवण्यापासून सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे. या आठवणींना म्हाताऱ्यांचा विरंगुळा समजण्याची चूक करू नये. तो तालुक्याचा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि त्याचा बहुतेक भाग अजून माणसांच्या डोक्यातच आहे.

१९७२ च का, याचे उत्तर त्या वर्षाच्या चमत्कारिक घडणीत आहे. सरकारदरबारी ते वर्ष दिमाखाचे होते. बांगलादेश युद्धातल्या विजयाला आठ महिने झाले होते, सिमला करार जुलैच्या सुरुवातीला झाला होता, आणि सातारा हा तर घरटी सैनिक देणारा जिल्हा. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री संसदेचे खास अधिवेशन भरले. स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले आणि त्यांच्यासाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना त्याच दिवशी सुरू झाली. देशातल्या अनेक विकासगटांच्या ठिकाणी स्मारकस्तंभ उभे राहिले. त्यांवर एका बाजूला संविधानाची उद्देशिका आणि दुसऱ्या बाजूला त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली गेली. टपालखात्याचा पिनकोडही त्याच पंधरा ऑगस्टला आला आणि राज्याच्या नोंदवहीत कोरेगाव ४१५५०१ झाले. दिल्लीच्या बाजूने पाहिले तर हा सोहळा पुरेसा नोंदवला गेला आहे. त्याच्या फायली आहेत, छायाचित्रे आहेत, दगडावर कोरलेली अक्षरे आहेत.

कोरेगावच्या बाजूने पाहिले तर मात्र त्या वर्षाचे नाव वेगळे आहे. बहात्तर म्हटले की या पट्ट्यात आधी दुष्काळ आठवतो, रौप्यमहोत्सव नाही. सह्याद्रीपासून पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस आटत जातो आणि कोरेगाव, खटाव, माण ही त्याची उतरती भाजणी आहे. धोम धरणाचे पाणी तेव्हा यायचे होते. ऑगस्टच्या मध्याला जिथे बाजरी आणि घेवडा डोलायचा, तिथे शेतकरी आभाळाकडे पाहत होता. पुढच्या महिन्यांत माणसे खडी फोडायला, नालाबांध आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. मिलो ज्वारी आणि सुकडी घरात आली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास पोचली होती. म्हणजे एकाच हंगामात, एकाच तालुक्यात, राज्यसंस्था दोन रूपांत गावासमोर आली. एका हाताने ती ताम्रपट देत होती आणि दुसऱ्या हाताने हजेरीपत्रकावर अंगठा घेत होती. सरकारी दफ्तरात ही दोन रूपे वेगवेगळ्या खात्यांत पडून आहेत. सोहळ्याच्या कागदांत दुष्काळ सापडत नाही आणि दुष्काळाच्या कागदांत सोहळा. एकाच माणसाने एकाच महिन्यात झेंड्याला सलाम केला आणि पेरणीवर पाणी सोडले, हे फक्त त्या माणसालाच सांगता येते. रोजगार हमी योजनेसारखा कायदा पुढे या राज्यात का उभा राहिला, लोकांनी सरकारकडे मदत मागितली की हक्क मागितला, याची मुळे शोधणाऱ्याला हा जोड फार मोलाचा आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९७२ चा सोहळा हा आपल्याकडचा शेवटचा स्थानिक राष्ट्रीय सोहळा होता. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे रौप्यमहोत्सवानंतर दीड महिन्याने. दिल्लीत काय चालले आहे ते ट्रान्झिस्टरवर ऐकता येत होते, पण डोळ्यांनी पाहायचे तर शाळेच्या पटांगणात, चावडीसमोर किंवा कचेरीच्या आवारातच जावे लागे. त्यामुळे प्रत्येक गावाने पाहिलेला पंधरा ऑगस्ट वेगळा होता. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, १९९७ मध्ये, चित्र पालटले होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात पंडित भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर गायले, ते देशाने पडद्यावर एकाच वेळी पाहिले. आज त्या रात्रीची आठवण विचारली तर कोरेगावचा माणूस आणि कानपूरचा माणूस जवळजवळ तेच सांगतील. २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ आले आणि सोहळा घराच्या गच्चीवर, हातातल्या फोनवर पोचला. झेंड्यासोबतचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवले की सहभाग पूर्ण झाला. यात वाईट काही नाही, पण त्याची नोंद आपोआप होते. कोट्यवधी छायाचित्रे सर्व्हरवर पडून आहेत. सोहळा जितका अलीकडचा, तितकी त्याची आठवण सगळीकडे सारखी आणि नोंद भरपूर. मागे जावे तसे उलटे होत जाते. आठवण अस्सल स्थानिक असते आणि नोंद जवळजवळ नसते. मग वेचायला सुरुवात कुठून करायची, हे सांगायला नको.

स्थानिक आठवणीतून काय हाती लागते, याचे एकच उदाहरण घेऊ. त्या दिवशी झेंडा कोणी फडकवला? प्रश्न साधा दिसतो. पण वंशपरंपरागत महसुली पाटीलकी कायद्याने जाऊन तेव्हा जेमतेम दशक झाले होते आणि जिल्हा परिषदांनाही दहाच वर्षे झाली होती. गावचा मान पाटलाच्या वाड्यातून निवडून आलेल्या सरपंचाकडे, मुख्याध्यापकाकडे की युद्धावरून परतलेल्या जवानाकडे सरकला, याचे उत्तर त्या दोरीला कोणाचा हात होता यात आहे. पुढचा प्रश्न, कोण कुठे उभे होते? शाळेच्या रांगांत मुली किती होत्या? दलित वस्तीतली माणसे पटांगणात होती की कडेला? आणि कोण आलेच नव्हते? महाराष्ट्राच्या संदर्भात हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि राज्यभर वादळ उठले. दलित पँथर त्याच वर्षी उभी राहिली होती आणि दलित स्त्रियांवरच्या अत्याचारांनी वर्तमानपत्रे भरली होती. रौप्यमहोत्सव म्हणजे आनंदच, हे समीकरण त्या दिवशीच कोणीतरी जाहीरपणे नाकारले होते. त्या नकाराची मुंबई-पुण्यातली बाजू छापलेली आहे. तालुक्यातल्या वस्त्यांवर तो दिवस कसा गेला, ते छापलेले नाही.

मग १९४७ चे काय? तो दिवस आधी नोंदवायला नको का? जे सांगू शकतात त्यांच्याकडे उद्याच जावे, यात शंका नाही. कोरेगाव तालुक्यात तर त्या दिवसाचे दोन वेगळे चेहरे आहेत. आजच्या तालुक्यातले किन्हई तेव्हा औंध संस्थानात होते. पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते मार्च १९४८ मध्ये. शेजारची गावे ब्रिटिशांच्या थेट अमलातून मुक्त झाली, त्या दिवशी किन्हईकर आपल्याच राजाचे प्रजाजन होते. एका तालुक्यात स्वातंत्र्याचा अर्थ गावागणिक किती निराळा होता, हे यावरून दिसते. शिवाय हा सगळा जुना सातारा जिल्हा. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला पुढे सांगली हे नाव मिळाले. याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पिढीने प्रतिसरकार चालवले. त्यांतल्या काहींच्या आठवणी वेळेवर टिपल्या गेल्या. प्रतिसरकारच्या तूफान सेनेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड आणि नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांना पी. साईनाथ यांनी अखेरच्या वर्षांत गाठले आणि त्यांची कहाणी २०२२ मधल्या पुस्तकात आली. हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या आणि कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. आणखी थोडा उशीर झाला असता तर तेही राहिले असते. मात्र ही नोंद लढणाऱ्यांची आहे. ज्यांनी लढा दिला नाही, पण स्वातंत्र्य कसे दिसते ते पटांगणात उभे राहून पाहिले, त्यांचा वाली कोणी नाही. १९४७ च्या बाबतीत ही चूक आता फारशी सुधारता येणार नाही. १९७२ च्या बाबतीत ती होऊ न देणे अजून आपल्या हातात आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो आठवणींच्या भरवशाचा. पन्नास वर्षांपूर्वीचे माणूस नेमके सांगेल कसे? एका वर्षाचे दुसऱ्यात मिसळेल, ऐकलेले पाहिले म्हणून सांगेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचा पुरावा रौप्यमहोत्सवातच सापडतो. त्या वर्षी सुरू झालेल्या निवृत्तिवेतनासाठी तुरुंगवासाचा दाखला लागे. पण प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्याचे यशच मुळी तुरुंगाबाहेर राहण्यात होते. त्याच्याकडे दाखला कुठला असणार? म्हणून दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्याने माहितीच्या आधारे दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरण्याची सोय केली गेली. म्हणजे राज्यसंस्थेने स्वतःच आठवणीला पुराव्याचा दर्जा दिला. त्या सोयीचा गैरवापरही झाला. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नावावर बनावट स्वातंत्र्यसैनिकांनी वेतन घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यातून दोन धडे मिळतात. आठवणीवर पैसा किंवा मान अवलंबून असला की ती बिघडते. म्हणून या कामात प्रमाणपत्र, सत्कार, मानधन यांतले काहीही असू नये. आणि एकट्या आठवणीवर विसंबायचे नसते. ती शाळेच्या जनरल रजिस्टरशी, ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताशी, पावसाच्या नोंदींशी आणि शेजाऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहायची असते. १५ ऑगस्ट १९७२ ला मंगळवार होता. कोणी शाळेनंतर गावच्या आठवडी बाजारात गेल्याचे सांगितले, तर बाजाराचा वार पाहून ते तपासता येते.

आणि आठवण चुकली तरी ती वाया जात नाही. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. पुढे तिथल्या कामगारांनी त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे ठामपणे सांगितले. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त केली आणि तीच अभ्यासाचा विषय बनवली. कामगारांच्या मनात खरा घाव नोकऱ्या गेल्याचा होता, म्हणून त्यांनी आपला हुतात्मा त्या वर्षात आणून ठेवला. कोरेगावात कोणी रौप्यमहोत्सव सांगताना सुकडीचा उल्लेख केला आणि सुकडी प्रत्यक्षात काही महिन्यांनी आल्याचे दिसले, तर ती चूकही नोंदवण्याजोगी आहे. लोकांनी सोहळा आणि भूक एकत्र साठवली, हे त्यातून कळते. कागदांत तारखा बिनचूक मिळतात, पण त्या दिवसाला लोकांनी काय अर्थ दिला ते मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अशा आठवणी गोळा केल्या की त्यातून एकच सूर निघणार, ‘आमच्या वेळी देशभक्ती खरी होती.’ हे रडगाणे आधीच कमी आहे का? धोका आहे हे मान्य. पण हे रडगाणे मोजक्या, वेचक आठवणींवर पोसले जाते. सभेत दरवर्षी तेच चार ज्येष्ठ बोलतात आणि गोडवा तेवढा राहतो. आठवणी चारांऐवजी चारशे झाल्या, त्यात मोलमजुरी करणारी बाई, गावकुसाबाहेरचा माणूस, दुष्काळात पुण्या-मुंबईला गेलेला तरुण आला, की गोडवा आपोआप विरतो आणि माणसे उरतात. म्हणून प्रश्नही तसेच हवेत. ‘तेव्हा कसे वाटले?’ असे विचारले तर भाषण मिळते. ‘कुठे उभे होता, अंगात काय घातले होते, काय खायला मिळाले, घरातले कोण आले नाही आणि का?’ असे विचारले तर माहिती मिळते. झेंड्याचाच प्रश्न घ्या. २००२ च्या ध्वजसंहितेपूर्वी सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर झेंडा लावण्याची मुभा नव्हती. ती राष्ट्रीय दिवसांपुरतीच होती. साहजिकच बहुतेकांच्या आठवणीतला झेंडा सामाईक खांबावरचा आहे. त्यावरून त्या पिढीचे देशप्रेम जास्त होते असे ठरत नाही. झेंड्याखाली सगळ्यांना एकत्र यावे लागे, एवढेच ठरते, आणि तेवढेही पुरेसे बोलके आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. हे करायचे कोणी? गावात काहीही करायचे म्हटले की ओझे शिक्षकाच्या पाठीवर पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. तिचे काय होते ते सगळे जाणतात. म्हणून हा उपक्रम परिपत्रकाने राबवू नये. तो परिपत्रकाने आला की तक्ते येतील, तक्त्यांत आकडे भरले जातील आणि एकाच आठवणीच्या शंभर प्रती तयार होतील. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये गावोगाव आहेत. कोरेगावात रयत शिक्षण संस्थेचे डी. पी. भोसले महाविद्यालय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्याच गावातल्या पाच माणसांशी बोलून, तारखा ताडून, प्रकल्प सादर केला तर तो अभ्यासक्रमातला अभ्यासच होतो. ध्वनिमुद्रणाला प्रत्येकाच्या खिशातला फोन पुरतो. ब्रिटनमध्ये १९३७ साली ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या गटाने सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा दिवस सामान्य माणसांनी कसा घालवला, हे स्वयंसेवकांच्या टिपणांतून गोळा केले. आज त्या दिवसाचा अभ्यास करणारा त्या टिपणांकडे वळतोच. तिथे सरकारी योजना नव्हती. प्रश्न नेमके होते आणि जे आले ते सांभाळून ठेवले गेले.

सांभाळून ठेवणे हाच यातला कठीण भाग आहे, आणि तिथेच राजकारण शिरते. प्रतिसरकारचा वारसा काँग्रेसचा, कम्युनिस्टांचा की शेतकरी कामगार पक्षाचा, हा वाद या मुलखात जुना आहे. रौप्यमहोत्सवाच्या आठवणीही कोणत्या तरी गटाच्या स्मरणिकेत कापून-छाटून छापल्या जातील, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे मूळ मुलाखत जशीच्या तशी, बोलणाऱ्याच्या लेखी संमतीने, दोन ठिकाणी ठेवणे. एक प्रत गावच्या किंवा तालुक्याच्या ग्रंथालयात आणि दुसरी कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात किंवा शिवाजी विद्यापीठात. मग स्मरणिका कोणीही काढो, मूळ तपासता येते. ज्याला नाव उघड करायचे नाही त्याचे नाव झाकावे; पन्नास वर्षांपूर्वीच्या रांगेत कोण कोणापासून दूर उभे होते, हे आजही काही गावांत बोलायला जड जाते.

यासाठी मोठा निधी लागत नाही, निर्णय लागतो. आपल्याकडे प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत कोरेगाव तालुक्यातल्या प्रत्येक गावाने एक ठराव करावा. गावात १९७२ साली सात वर्षांवरची असलेली माणसे कोण, त्यांची यादी करायची. तिची सुरुवात बायकांच्या नावांनी आणि वाड्या-वस्त्यांनी करायची. आणि वर्षभरात ग्रंथालय व महाविद्यालयाच्या मदतीने त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यायचे. १९४७ आठवणारे जे आहेत त्यांची पाळी सगळ्यांत आधी. अलीकडे ‘माझी माती, माझा देश’ अभियानात गावोगाव शिलाफलक बसवले गेले. फलक लावण्याची आपली हौस दांडगी आहे आणि फलकावर नावे टिकतात हेही खरे. पण नावांखाली काय घडले ते दगड सांगत नाही. २०४७ ची समिती नेमली जाईल तेव्हा तिच्यापुढे दोन पर्याय असतील. दिल्लीहून आलेला कार्यक्रम गावात वाचून दाखवायचा, किंवा गावाने आधीचे टप्पे कसे पाहिले ते गावाच्याच शब्दांत मांडायचे. दुसरा पर्याय त्या वर्षी अचानक तयार होणार नाही. तो आज साठी-सत्तरीत असलेल्यांकडून आजच घेऊन ठेवावा लागेल.